तणाव घालवण्यासाठी ओढलेली सिगारेट शरीरात काय करते?

प्रश्न: मी ३६ वर्षांचा असून हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. परदेशी ग्राहकांमुळे रात्री उशिरापर्यंत बैठका चालतात. दिवसाला आठ-दहा सिगारेटी होतात, त्यातील बहुतेक कामाचा ताण असह्य झाला की टपरीवर चहासोबत. दोनदा सोडून पाहिली, पण दोन्ही वेळा चिडचिड आणि बेचैनी इतकी वाढली की आठवड्याभरात पुन्हा सुरू केली. वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. गेल्या महिन्यात पर्वती चढताना मला मध्येच थांबावे लागले. सिगारेटने ताण हलका होतो हे माझ्या अनुभवाचे आहे. मग माझ्या शरीराला जास्त अपाय कशाने होतो आहे, ताणाने की सिगारेटने? आणि एवढा ताण असताना ती सोडणे योग्य ठरेल का?

उत्तर:

पुण्यात फिजिशियन म्हणून काम करताना गेल्या पंचवीस वर्षांत हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ताण आधी येतो, सिगारेट नंतर येते आणि ती त्या ताणावरचा उतारा असते. ओढल्यावर बरे वाटते हा आपला अनुभव मी खोटा मानत नाही. पण बरे का वाटते हे नीट समजले, तर आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

धूर छातीत घेतल्यापासून साधारण दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. शिरेतून दिलेल्या इंजेक्शनपेक्षाही हा मार्ग जवळचा आहे. मेंदूतील ठरावीक पेशींवर ते जाऊन बसते, डोपामिन नावाचे रसायन स्रवते आणि क्षणभर समाधान व एकाग्रता वाटते. रोजच्या सवयीने मेंदू या बाहेरच्या पुरवठ्याला सरावतो, निकोटिन ज्यांवर बसते त्या जागांची संख्या वाढते आणि त्या रिकाम्या राहिल्या की अस्वस्थता सुरू होते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. त्यामुळे दोन-अडीच तासांच्या बैठकीत आपण बसलेले असता तेव्हा ग्राहक काय बोलतो आहे याच्याशी काहीही संबंध नसलेली एक घसरण आपल्या शरीरात चालू असते. तिची लक्षणे म्हणजे चिडचिड, मन न लागणे, छातीत हुरहुर आणि एका जागी बसवत नाही अशी अवस्था. कामाच्या ताणाची लक्षणेही नेमकी हीच असल्याने दोन्हींची बेरीज होते आणि सगळा दोष बैठकीच्या खात्यावर जमा होतो. मग टपरीवर पहिला झुरका घेताच त्यातला निकोटिनच्या तुटवड्याचा भाग झटकन नाहीसा होतो आणि ताण उतरला असे वाटते. प्रत्यक्षात आधीच्या सिगारेटने निर्माण केलेली अस्वस्थता पुढच्या सिगारेटने मिटवलेली असते. न ओढणारा सहकारी त्याच बैठकीतून बाहेर येतो तेव्हा त्याला हा अर्धा भाग मुळातच भोगावा लागलेला नसतो.

त्या पाच मिनिटांत आणखी दोन गोष्टी घडतात आणि त्यांचे श्रेय सिगारेटला फुकट मिळते. आपण खुर्चीवरून उठून मोकळ्या हवेत जाता आणि दीर्घ श्वास घेऊन तो सावकाश सोडता. संथ उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखरच कमी होते. धुराशिवायही ती होते, हे आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

मन शांत झाल्यासारखे वाटत असताना शरीर काय करत असते, हे मी सांगण्यापेक्षा नाडीवर बोट ठेवून पाहिलेले अधिक पटते. काही वर्षांपूर्वी लक्ष्मी रस्त्याजवळ बँकेत नोकरी करणाऱ्या एका रुग्णाला मी सांगितले होते की, सोडायचे तेव्हा सोडा, पण तोवर जी सिगारेट ओढणारच आहात तिच्या आधी आणि नंतर मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्यांनी कुठल्याशा पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले आकडे आणले: ७६ आणि ९२, ८० आणि ९५, ७४ आणि ८८. तिमाही अखेरच्या दिवशीची ओळ त्यांनी अधोरेखित केली होती. त्या दिवशी सिगारेटच्या आधीच नाडी ९० होती आणि नंतर १०६. "डॉक्टर, मला तर शांत वाटत होतं, आणि ही नुसती धावत होती," असे ते म्हणाले. माझ्या मते या विषयाचे सार त्या पावतीवर होते. एका सिगारेटने नाडी मिनिटाला दहा ते वीस ठोक्यांनी वाढणे आणि रक्तदाब पाच-दहा अंकांनी चढणे ही नेहमीची गोष्ट आहे. ताणाच्या दिवशी ही वाढ आधीच चढलेल्या आकड्यावर होते.

असे का होते ते पाहू. ताण म्हणजे शरीराच्या भाषेत संकटाची सूचना. मेंदू ती दोन वाटांनी पोहोचवतो. पहिली वाट मज्जातंतूंची आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना तिच्यावरून काही क्षणांत आदेश जातो, ॲड्रिनलिन रक्तात येते, हृदय वेगाने धडधडते, त्वचेच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि यकृत साखर मोकळी करते. दुसरी वाट संथ आहे. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीमार्फत त्याच अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसॉल स्रवून घेते आणि तिचा परिणाम तासन्‌तास राहतो. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की कारण कोणतेही असो, शरीराची प्रतिक्रिया साधारण एकाच साच्याची असते आणि ती लांबली की खुद्द प्रतिक्रियाच अपाय करू लागते. ही सारी तयारी पळण्यासाठी किंवा दोन हात करण्यासाठी असते. आपण मात्र खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत असता. रक्तात आलेली साखर आणि चरबी वापरली जात नाही, वाढलेला रक्तदाब उतरायला वेळ लागतो आणि हे आठवड्यातून पाच रात्री घडले की रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर हळूहळू वर सरकतात. २०१७ मध्ये सुमारे ३०० लोकांच्या मेंदूच्या आणि रक्तवाहिन्यांच्या प्रतिमांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भीती आणि ताण यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा भाग ज्यांच्यात जास्त सक्रिय होता, त्यांच्या अस्थिमज्जेची (हाडांतील रक्तपेशी बनवणाऱ्या भागाची) सक्रियता आणि रोहिण्यांतील दाह जास्त होता आणि पुढील काही वर्षांत त्यांना हृदयविकारही अधिक झाला. मनाचा ताण मनातच राहतो असे समजणाऱ्यांना मी हा अभ्यास आवर्जून सांगतो.

निकोटिन यातील पहिल्याच वाटेवर काम करते. ज्या मज्जातंतूंच्या गाठींवरून आणि ज्या ग्रंथीवरून ताणाचा आदेश जातो, तिथेही निकोटिनला बसायला तशाच जागा आहेत. म्हणून ताणाने जी दोरी ओढली जाते तीच दोरी सिगारेट ओढते. फरक एवढाच की ताणाला निदान कारण तरी असते.

एवढ्यावर भागले असते तर सिगारेटला मी ताणाचा जोडीदार म्हटले असते. पण धुरात निकोटिनखेरीज सात हजारांहून अधिक रसायने आहेत आणि आपल्या बाबतीत त्यातील कार्बन मोनॉक्साइडकडे पाहणे विशेष गरजेचे आहे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. दर दोन तासांनी सिगारेट ओढणाऱ्याचे रक्त जागेपणी त्यातून कधी पुरते मोकळे होतच नाही. आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. ताण आणि निकोटिन मिळून हृदयाला अधिक जोराने काम करायला लावतात, म्हणजे त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी धूर प्राणवायू वाहून नेणारी जागा अडवून बसतो. चढावर गरज आणखी वाढते. पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या चढताना आपल्याला थांबावे लागले त्यामागे हे एक कारण नक्कीच असू शकते. मात्र तेवढेच असेल असे न तपासता गृहीत धरणे मला मान्य नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो.

खरा घाव रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर बसतो. हे अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते आणि ते नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल व गुळगुळीत ठेवते. धुराने हे काम बिघडते, अस्तराखाली चरबी साचते, तिथे दाह होतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट अधिक चिकट बनतात. ताणाच्या वेळी वाढणारे ॲड्रिनलिनही प्लेटलेटना चिकटपणाच देते. तरुण वयातील अनेक झटके रक्तवाहिनी आधीच पूर्ण बुजल्यामुळे येत नाहीत. अर्ध्याहूनही कमी अडवणाऱ्या एखाद्या मऊ थराला तडा जातो आणि त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी बसते, म्हणून येतात. "मागच्या वर्षी सगळे रिपोर्ट नॉर्मल होते" हे वाक्य अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून मी ऐकले आहे आणि रिपोर्ट खोटे नव्हते हे त्यांना समजावून सांगणे हे या व्यवसायातील सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे.

जास्त अपाय कशाने, याचे आकड्यांतील उत्तर हवे असेल तर मूळचे केरळचे हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाकडे पाहावे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या झटक्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला आणि मानसिक-सामाजिक ताणाचा वाटा अडीच पटींच्या आसपास निघाला. म्हणजे ताण हलक्यात घेण्यासारखा नाही. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा कमी वयात येतो, हेही त्याच माहितीतून पुढे आले. वडिलांना ५५ वर्षांच्या आत हृदयविकार होणे हा आम्ही स्वतंत्र धोका मानतो आणि तो आपल्याकडे आहेच. तरीही दोन्हींची तुलना करायची झाल्यास मी सिगारेट अधिक घातक म्हणेन, कारण ताण फुफ्फुसाच्या श्वासनलिका जाळत नाही आणि सुमारे ७० कर्करोगकारक द्रव्ये शरीरात आणत नाही. शिवाय ग्राहक कसा असावा हे आपल्या हाती नाही, सिगारेट मात्र आहे.

आठ-दहांवरून दोन-तीनवर येणे पुरेसे आहे का, हे आपण विचारलेले नाही, पण विचाराल याची मला खात्री आहे. हृदयासाठी ते पुरेसे नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले की दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसाव्या हिश्श्याइतका तो कमी होत नाही. शिवाय संख्या कमी केलेला माणूस प्रत्येक सिगारेट अधिक खोल आणि शेवटपर्यंत ओढतो. सिगारेटऐवजी तंबाखू मळणे किंवा मशेरी लावणे हा तर निव्वळ खात्याचा बदल आहे. ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे आणि निकोटिनची ओढ तिने सुटत नाही.

ताण आणि धूर यांच्या एकत्र परिणामाच्या आणखी तीन खुणा आपल्याला स्वतःत सापडतील. निकोटिनने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर छातीत जळजळते आणि तिला आपण ॲसिडिटी म्हणून सोडून देतो. झोप उथळ होते, कारण निकोटिन उत्तेजक आहे आणि पहाटेपर्यंत त्याचा तुटवडाही सुरू झालेला असतो. अपुरी झोप दुसऱ्या दिवशी ताण सोसण्याची ताकद कमी करते. तिसरी खूण साखरेची: धूम्रपानाने इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि मधुमेहाचा धोका साधारण ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो. कॉर्टिसॉल त्याच दिशेने ढकलते.

आता सोडण्याबद्दल. आपण दोनदा प्रयत्न केलात आणि आठवड्याने परत सुरू केलीत याला मी अपयश मानत नाही, पण त्यातील वेळेकडे लक्ष वेधतो. निकोटिन थांबल्यावर होणारा त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतो. म्हणजे दोन्ही वेळा आपण घाट चढून उताराला लागला होता आणि तिथून मागे फिरलात. त्यानंतर वाटलेला त्रास काही अंशी चहाचाही असू शकतो, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. धुरातील काही हायड्रोकार्बनांमुळे यकृतातील एक विकर जास्त काम करते आणि चहा-कॉफीतील कॅफिनचा निचरा वेगाने होतो. सिगारेट थांबली की काही दिवसांत हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तातील कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. मग धडधड, हातांना कंप, रात्री झोप नाही, आणि माणूस म्हणतो की सिगारेटशिवाय मी वेडा होईन. म्हणून सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. रात्रीच्या बैठकीतील कॉफी तर पूर्ण बंद ठेवा.

या वेळी केवळ निग्रहावर विसंबून राहू नका. दोन मिलिग्रॅमची निकोटिनची चावायची गोळी (गम) औषधाच्या दुकानात मिळते, पण ती नेहमीच्या च्युइंगमसारखी चघळली तर उचकी लागते, घसा जळतो आणि लोक ती फेकून देतात. ती सावकाश चावायची, तिखटसर चव आणि झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असे अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा किंवा सरबत घ्यायचे नाही. निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि अशी गोळी एकत्र वापरल्यास एकट्यापेक्षा यशाची शक्यता वाढते. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. या मार्गांनीही निकोटिनच शरीरात जाते किंवा त्याची जागा अडवली जाते, मग फरक काय, असे मला विचारले जाते. फरक असा की यांत कार्बन मोनॉक्साइड नाही, डांबर नाही आणि दहा सेकंदांत मेंदूवर बसणारा तो तडाखा नाही.

एवढ्या ताणात सोडावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. २०१४ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले आणि ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही तेच दिसले. दोन तासांनी येणारी ती घसरणच थांबते, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. तारीख मात्र विचारपूर्वक निवडा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाणार असेल तो आठवडा नको. सुरुवातीचे तीन-चार दिवस सुट्टीचे असावेत. तलफ आली की ती साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते. तेवढा वेळ जागेवरून उठा, बाहेर जा, चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या आणि सहा मोजेपर्यंत बाहेर सोडा. म्हणजे टपरीवरच्या पाच मिनिटांतील खरा उपयोगी भाग आपण ठेवता आणि धूर तेवढा वगळता. टपरी मात्र पहिला महिनाभर बदला किंवा टाळा. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकण्यावर २०२० पासून बंदी असली, तरी एक मागितली की एक मिळते आणि सोडणारा माणूस पुन्हा पहिली सिगारेट पाकीट विकत घेऊन ओढत नाही, तो ती अशीच सुटी ओढतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. मन फार खचले, झोप पूर्ण उडाली किंवा जगणे नकोसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

सोडल्यावर दिवस-दीड दिवसात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो आणि हृदयविकाराचा जादा धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून ५० वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात दिसले की आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले, आणि चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांनी त्यातील सुमारे नऊ वर्षे परत मिळवली. आपण ३६ चे आहात.

पर्वतीवर थांबावे लागले त्याविषयी. वडिलांचा इतिहास पाहता हे केवळ धाप लागणे आहे असे मी दुरून म्हणणार नाही. याच आठवड्यात रक्तदाब, इसीजी, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि फुफ्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री करून घ्या आणि पुढे ट्रेडमिल चाचणी किंवा इकोची गरज आहे का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. चालताना किंवा बसल्या बसल्या छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटले, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले आणि दरदरून घाम आला, तर जळजळीची गोळी घेऊन वाट पाहू नका, स्वतः गाडी चालवत निघू नका, १०८ वर फोन करा. तपासण्या हाती येईपर्यंत सिंहगड नको आणि पर्वतीही नको. घरातील कोणाला तरी सोबत घेऊन, बोलता येईल इतक्या वेगाने, सपाट रस्त्यावर चाललात तरी सध्या पुरे आहे.